या वर्षी नवीन काय केलंत?

मी ब्राउझर बोलतोय. हो, तोच. ज्यात तुम्ही बातम्या वाचता, तिकिटं काढता, बँकेची कामं उरकता, आणि पान उघडायला जरा वेळ लागला की ज्याला नावं ठेवता. आज मात्र तुम्ही ऐकायचं, कारण माझं डोकं फिरलंय.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत माझा जन्म झाला. सहा टेबलं, सहा माणसं. त्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. ताईंनी मला चौदा वर्षं सांभाळलं.

पानंच तर दाखवायची, त्यात एवढं काय, असं लोकांना वाटतं. अहो, पानं बनवणारे ती धड बनवतात का? एका दवाखान्याच्या पानावर वेळ ठरवायचं बटण चक्क डॉक्टरांच्या फोटोखाली दडलेलं. चूक त्यांची, शिव्या मला! ताईंनी त्यांना तीनदा कळवलं, पण कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी त्या एका पानासाठी ताईंनी माझ्यातच कोडच्या चार ओळी घातल्या. दुसऱ्यांची घाण निस्तरणाऱ्या अशा नऊशे जागा आहेत माझ्यात.

शिवाय दर महिन्याला नवे फोन, नवे नियम. आणि चोर तर सुट्टीही घेत नाहीत. एकदा माझ्यात एक भोक सापडलं. त्यातून कुठलंही लबाड पान तुमचा पासवर्ड वाचू शकलं असतं. सहाही जणांनी चार दिवस मान वर न करता ते बुजवलं. तुमच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, ‘अपडेट करा’. तुम्ही ‘नंतर’ दाबून मोकळे झालात.

मग नवे साहेब आले. बैठकीत त्यांनी विचारलं, "या वर्षी नवीन काय केलंत?"

ताई म्हणाल्या, "काही बिघडू दिलं नाही."

साहेब हसले. दाखवण्यासारखं काही आहे का, म्हणाले. शेजारच्या खोलीतल्यांनी माझ्या चिन्हाचा रंग बदलला होता, त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. महिनाभरात सहाही जणांना दुसऱ्या कामांवर पाठवलं आणि माझ्या नावापुढे ‘काम पूर्ण’ असं लिहून टाकलं. पूर्ण! वाढत्या पोराला एकदाच कपडे शिवून भागतं का हो? संतापाने जीव जळतो माझा.

शुक्रवारी ताईंनी टेबल आवरलं. सोमवारी कुणा भल्या माणसाने कळवलं, माझ्यात आणखी एक भोक आहे. तो निरोप ताईंच्या या कामाच्या जुन्या ईमेलवर न उघडता पडून आहे. भोक कुठे आहे ते मला ठाऊक आहे, पण स्वतःला दुरुस्त करणं मला जमत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. चौदा वर्षं तुमचा पासवर्ड मी कुणाला कळू दिला नाही. आता तो मला सांगू नका.