बाबानं बांधलेली नाडी

ऐंशी सालच्या आषाढात कारध्याच्या नदीघाटावर नुसती झुंबड उडाली होती. एक बाबा म्हणे स्वतःची नाडी बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा! भगवी शाल पांघरून, डोळे मिटून, त्यानं हात पुढे केला होता.

"कोणीबी पाहा!" चेला सोमाजी ओरडला. "बाबाचा जीव आता देवाच्या दारात हाये!"

गर्दीतल्या केवळरामनं बाबाचं मनगट चाचपलं. "अबब! नाडीच लागत नाही ना!"

गोदावरीबाईनं लेकीला पुढे केलं. एकुलती रुखमा. रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, गाणं धरायची ती रुखमाच, आणि सगळी रांग तिच्या आवाजावर धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायची. पण हल्ली ती बांधीतच, धानाच्या शेतातल्या चिखलात, कोसळायची. बाया धावायच्या, पण पाणी घेऊन नव्हे, कुंकू घेऊन! "आंगात आलं वो!" म्हणत तिच्याच पाया पडायच्या.

भंडाऱ्याच्या डॉक्टर मंगलाबाईंनी मात्र कार्डिओग्राम काढला होता. "मावशी, आंगात काही येत नाही. हृदयात ठोका धरणाऱ्या बारीक पेशी असतात. एकमेकींले चिकटून असतात, एकीची वीज दुसरीले लागते, म्हणून सगळ्या एका तालात चालतात. तुमच्या रोवण्यात गाणं मधीच तुटलं तं?"

"बाया आपापल्या चालीनं लावतीन. नाही तं उभ्याच राहतीन."

"रुखमाच्या छातीत तेच होऊन राहिलं. नागपूरले न्या. ठोका देणारं यंत्र बसवतात."

छाती कापायची! गोदावरीबाईला ते नको होतं. म्हणून तर ती घाटावर आली होती.

"चिंता छोड दे, बेटी!" बाबा गरजला. होता जवळच्या वरठी गावचाच, पण चमत्काराच्या वेळी त्याला हिंदी फुटायची. त्यानं रुखमाच्या मनगटाला गंडा बांधला. "तुही नाडी म्या माह्या नाडीले बांधली. मी जिवंत, तंवर तू जिवंत. यंत्र-फिंत्र कायले? जा, रोवणा कर!"

रुखमा हसली. किती दिवसांनी हसली पोर! गोदावरीबाईला तेवढंच पुरलं.

दुसऱ्याच दिवशी बांधीत गाणं मधेच तुटलं. मागच्या बाया वाकल्या तशाच थांबल्या. कोणीतरी कुंकू आणायला पळालं. गोदावरीबाईनं चिखलात बसून लेकीच्या छातीला कान लावला. आत काहीच नव्हतं. मनगटावरचा गंडा तेवढा घट्ट होता.

रुखमाची तेरवी झाली आणि गोदावरीबाई पुन्हा घाटावर गेली; रोवण्यातल्या बायाही सोबत होत्या. तोच हात, तीच आरोळी. तिनं मनगट धरलं. नाडी खरंच लागेना! मग तिनं सरळ बाबाच्या छातीलाच कान लावला.

धडधड, धडधड. ठणठणीत चाललं होतं मेलं!

"हे तं चालून राहिलं ना रे!" ती किंचाळली. "मंग माह्या पोरीचंच काहून थांबलं?"

तिनं त्याचा दंड धरून वर ओढला. काखेतून एक लिंबू टपकन खाली पडलं. काखेत लिंबू दाबलं की हाताची रक्तवाहिनी दबते, मनगटाची नाडी लागत नाही, आणि हृदयाला त्याचा पत्ताही नसतो. एवढाच तो चमत्कार!

सोमाजी केव्हाच पसार झाला होता. लोक बाबाला मारायला धावले.

"त्याले मारून माही रुखमा येते का?" गोदावरीबाई खाली बसली आणि रोवण्यातल्या बायांकडे पाहून बोलली, "बायांनो, उद्या कोणाची लेक बांधीत पडली, तं कुंकू आणू नका, बैलबंडी जुंपा. पाया पडू नका, दवाखान्यात न्या. डॉक्टरीणबाईनं मले सारं समजावून सांगतलं होतं वो. मले समजलंबी होतं."