पाडला की उतरवला

रामकिशनरावांच्या बंदुकीनं आजवर रानातलं एकही डुक्कर मारलं नव्हतं, तरी शिरड शहापूरच्या शिवारात तिचा दरारा होता. ठासणीची, एका नळीची, त्यांच्या वडलांच्या नावावरून त्यांच्या नावावर आलेली. परवाना शेतीसंरक्षणाचा. डुकरं हळदीत घुसली की रामकिशनराव शेतातल्या माळ्यावर चढून एक बार काढत. डुकरं उठून शेजारच्या वसरामच्या रानात जात. तांड्यावरचा वसराम मग पत्र्याचा डबा बडवी आणि डुकरं परत हळदीत येत. असं दोन्ही बाजूंनी शेतीचं संरक्षण चाललेलं होतं.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागे. तेवढे दिवस रामकिशनराव मानपान चुकलेल्या जावयासारखे बसत. चहा पुढं आला तर पीत, पण मागत नसत. बंदूक परत आली की पाठीचा कणा परत यायचा. गोजरबाईला हे सगळं माहीत होतं. बाई बोलायला तिखट होती, पण नवऱ्याच्या कण्याची काळजी तिच्याइतकी कुणालाच नव्हती.

तिला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी गावात कुणालाच माहीत नव्हती. रामकिशनरावांची गोळी चुकत नव्हती. गोळी नव्हतीच.

लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत त्यांनी एक ससा मारला होता. तो मरायला वेळ लागला. रामकिशनराव त्याच्याजवळ बसून राहिले, घरी येऊन जेवले नाहीत आणि तिलाही तो शिजवू दिला नाही. तेव्हापासून ते नळीत दारू घालत, चिंधी घालत, गजानं ठासत, आणि छर्रे घालायचं विसरत. दरसाल विसरत. हिंगोलीच्या दुकानातून मात्र दारूबरोबर छर्रे न चुकता आणत, कारण नुसती दारू नेणाऱ्या माणसाबद्दल दुकानदार काय म्हणेल? छर्ऱ्यांचा डबा फळीवर पडून राही. गोजरबाईनं त्यातले काही वाऱ्यानं उडणाऱ्या पडद्याच्या काठात शिवले. नात जन्मली, सृष्टी, तेव्हा उरलेले एका डबीत घालून, डबीचं तोंड डाग देऊन पक्कं बंद करून तिला खुळखुळा केला. सृष्टी आता शाळेत जाते, पण खुळखुळा अजून उंबऱ्याजवळच्या खुंटीला आहे. पुढं आलेले छर्रेही ती असेच काठाकाठांत शिवत गेली. डबा रिकामा कसा होतो हे त्यांनी विचारलं नाही. तो भरलेला का असतो हे तिनं विचारलं नव्हतं. संसाराला एवढं पुष्कळ झालं.

तर यंदा हळद शिजवून ताडपत्र्यांवर वाळत घातली होती, तेव्हा ड्रोन आला. कुठल्याशा कंपनीचे विजेचे मनोरे या शिवारातून जाणार होते आणि त्यांची मोजणी वरूनच चालली होती. खालच्यांना सांगायचं राहून गेलं होतं.

पहिल्याच दिवशी तो येऊन थांबला तो गोजरबाईच्या न्हाणीवर. न्हाणीला चारी बाजूंनी पत्रे आणि वर आभाळ. गोजरबाईनं अंगावरचं पाणी तसंच ठेवून लुगडं गुंडाळलं, बाहेर आली आणि हापशावर जमलेल्या सगळ्या बायांसमोर म्हणाली,

"आजवर वरून एकटा देव बघायचा. त्याचं वय झालंय, त्याचं काही वाटत न्हाई. हे कोण नवं येऊन राहिलं?"

बाया हसल्या. गोष्ट दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर पोचली. तिथंही सगळे हसले, एक रामकिशनराव सोडून.

"भाऊ, तुमच्याजवळ बंदूक हाय ना?" वसराम म्हणाला.

"परवाना जनावरासाठी हाय."

"परवान्यात जनावराचं नाव लिवलंय का?"

"शेतीसंरक्षण लिवलंय."

"मंग? ते शेतावर येऊन राहिलं का न्हाई? संरक्षण खालच्या अंगानंच करायचं, असं कुठं लिवलंय?"

"वसराम, ते किती वर असतंय बघितलं का तू? छर्रा आपल्या लिंबाच्या शेंड्याच्या जरा वर जातो. तिथून तो माघारी येतो. अन् माघारी येतो ते वर तोंड करून बघणाऱ्याच्या डोळ्यात."

"म्हंजे बंदूक खालच्यांसाठीच. वरच्यांचं काही वाकडं होत न्हाई तिच्यानं."

"हे तर बिनबंदुकीचं बी माहीत हाय आमाला," मागून कुणीतरी म्हणालं. यावर मात्र कुणी हसलं नाही.

"पण भाऊ," वसराम उठता उठता म्हणाला, "वहिनीच्या न्हाणीवर आलंय ते. माझ्या न्हाणीवर न्हाई."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ड्रोन पुन्हा घरघरत आला. रामकिशनराव अंगणात बंदूक घेऊन उभे. गोजरबाई उंबऱ्यातून बघत होती. दारू घातली. चिंधी घातली. ठासली. छर्ऱ्यांच्या डब्याकडं मान वळली नाही. घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली, नळी आभाळाकडं केली आणि हापशावर अर्धं गाव जमलेलं असताना बार काढला.

कावळे उडाले. धूर झाला. आणि धूर निवळला तर काय, ड्रोन जागच्या जागी डगमगला आणि सरळ खाली, खाली, खाली येत हळदीच्या ताडपत्रीपलीकडं जाऊन बसला.

आधी कुणाचा विश्वास बसला नाही. सगळ्यात कमी रामकिशनरावांचा. मग वसराम ओरडला, "पाडला! भाऊनं पाडला!" आणि गाव फुटल्यासारखं धावलं. कुठूनतरी गुलाल आला, हलगी आली. रामकिशनरावांना खांद्यावर घेतलं. ते वरून "अरे, पण—" म्हणाले. पुन्हा म्हणाले. हलगीपुढं तेवढंच खरं बोलणं बुडून गेलं.

गोजरबाई ड्रोनकडं गेली नाही. तिला लिंबामागं दुसरंच दिसलं होतं. एक तरणा माणूस बांधाआड उकिडवा बसला होता, हातात दोन कांड्यांचं यंत्र, आणि ते यंत्र धरूनच त्यानं दोन्ही हात वर केले होते. तिनं तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

"नाव काय रं तुझं?"

"स्वप्निल. हिंगोलीचा हाय, मावशी. कंपनीचा ड्रोन मीच चालवतो."

"मंग खाली काहून आणलास?"

"बंदूक वाजली ना! ड्रोनला न्हाई लागली काही, पण मला वाटलं, पुढची मला."

"न्हाणीवर थांबलास तो बी तूच?"

स्वप्निलनं पाणी पिताना तांब्याआड तोंड केलं. "मावशी, आईची आण, तिथं खांबाची खूण करायची होती. खाली बघितलंच न्हाई मी."

"बघितलं असतं तरी काय दिसलं असतं," गोजरबाई म्हणाली. "म्हातारपण." पण मनात तिला चरचरलं. तिच्या एका वाक्यानं नवरा बंदूक घेऊन अंगणात आला होता.

दुसऱ्या दिवशी प्रेमसिंग जमादार मोटरसायकलवरून आले, मागं स्वप्निल, त्याच्या मांडीवर ड्रोन. अंगणात खाट टाकली. गाव न बोलवता जमलं.

"रामकिशनमामा," जमादार म्हणाले, "कंपनीची तक्रार हाय, ड्रोन पाडला म्हणून. तुमी पाडला असंल तर बंदूक आत्ता माझ्याबराबर येती, अन् परवाना पुन्हा मिळायचा न्हाई. शेतात डुकरासाठी वाजवली असंल, तर तो तुमचा हक्क. आता बोला. पाडला का?"

"पाडला! आमी बघितला!" वसराम पुढं सरसावला. "साहेब, अख्खं गाव साक्षीला हाय. असा नेम जिल्ह्यात न्हाई!"

गाव मान डोलवत होतं. इतक्या प्रेमानं कुणाला फासावर चढवलं नसेल.

रामकिशनरावांच्या कानामागं कालचा गुलाल अजून होता. व्हय म्हणावं तर बंदूक जाते. न्हाई म्हणावं तर नाव जातं, आणि नुसत्या बंदुकीचं काय करायचं? त्यांनी गावाकडं बघितलं, खाटेवर ठेवलेल्या बंदुकीकडं बघितलं, मग गोजरबाईकडं बघितलं.

गोजरबाई उंबऱ्यात उभी होती. खुळखुळ्याची खुंटी हाताच्या अंतरावर. खुळखुळा काढून जमादारासमोर वाजवला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं: हे घ्या छर्रे, नळीत काय होतं मग? पण ऐकायला सगळं गाव होतं. आज गावाला कळलं असतं, उद्या डुकरांना. तिनं खुंटीकडं पाठ केली आणि अंगणात आली.

"जमादारसाहेब, पाडला म्हणू नका. पडलेलं फुटतंय. बघा बरं, कुठं खरचटलंय का?"

जमादारांनी ड्रोन उलटासुलटा केला. पंखे चारही शाबूत. ओरखडा नाही. "न्हाई. मंग काय झालं?"

"उतरवला."

"उतरवला?"

"नजर लागली तर तुमच्या घरी काय करत्यात?"

"उतरवत्यात."

"तसंच. माझ्या न्हाणीवर नजर होती. लिवा तुमी: बार वाजला आणि ड्रोन उतरवला."

मराठीत कर्ता न लिहिताही वाक्य पुरं होतं, हे पोलिसांइतकं कुणाला माहीत नसतं. जमादारांनी पेन हवेत धरलं. स्वप्निलकडं वळले.

"उतरवला?"

"हो साहेब, उतरवला," स्वप्निल म्हणाला. अक्षर न् अक्षर खरं होतं ते.

जमादार रामकिशनरावांकडं वळले. "उतरवला?"

"उतरवला!" उत्तर वसरामनं दिलं, छाती काढून. "एका बारात उतरवला! नुसता पाडायला काय, कुणी बी पाडंल. उतरवायला नेम लागतो!"

"उतरवला, उतरवला," गाव म्हणालं.

जमादारांच्या नोकरीत फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार पहिल्यांदाच एक शब्द बोलत होते. त्यांनी तो लिहून घेतला.

"आन् बार कशासाठी वाजवला?"

"डुकरं," रामकिशनराव म्हणाले. कालपासून त्यांचं पुरं झालेलं हे पहिलं वाक्य.

"दिवसा?"

"डुक्कर काय घड्याळ बघून येतंय?" गोजरबाई म्हणाली. "चहा घ्या."

जमादारांनी चहा घेतला. जाताना बंदूक खाटेवरच राहू दिली आणि म्हणाले, "मामा, इथून पुढं आडवं बघून वाजवत चला. वर न्हाई." स्वप्निलला म्हणाले, "आन् तू उडवायच्या आधी गावात सांगत जा. तकलीफ कमी होती."

गाव पांगलं तेव्हा रामकिशनरावांचा कणा ताठ होता. त्यांनी गोठ्यामागून दोन जुने पत्रे ओढत आणले, न्हाणीवर आडवे टाकले आणि वर दगड ठेवले. वरून येणाऱ्याचा बंदोबस्त त्यांच्या लेखी तेवढ्यावर झाला.

मग घरात आले, बंदूक पुसून जागेवर ठेवली आणि फळीवरचा छर्ऱ्यांचा डबा हातात घेतला. हलवला. उघडून आत बघितलं.

"छर्रे संपले वाटतं," ते म्हणाले.

गोजरबाई भाकरी थापत होती. "उंदरांनी खाल्ले असतील."

"शिशाचे?"

"आपल्या घरचे उंदीर काही बी खात्यात."

रामकिशनराव खुंटीकडं वळले. मग त्यांनी खुंटीवरचा खुळखुळा काढला, धोतराच्या सोग्यानं त्याच्यावरची धूळ पुसली, कानाजवळ नेऊन एकदाच हलवला, आणि जसा होता तसा परत टांगला.

"पुढच्या खेपेला," ते म्हणाले, "जरा जास्तीचे आणतो."

"आणा," गोजरबाई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.