बिनधुराची शेकोटी

मी भिंतीतली गॅसची शेकोटी बोलतेय. आखातातल्या रास अल खैमाच्या डोंगराकडच्या एका घरात मी राहते. वाळवंटात शेकोटी कशाला, म्हणून हसू नका. जानेवारीत इथला वारा हाडं गोठवतो.

मला बसवणारा टेक्निशियन माझे गुण गात होता. बटण दाबा, खलास. लाकूड नको, राख नाही, धूर नाही, वास नाही. मी अगदी फुगून गेले. जाता जाता त्याने भिंतीतली हवेची जाळी दाखवली आणि ती कधीही बुजवू नका, असं बजावलं. गुण तेवढे सगळ्यांच्या लक्षात राहिले.

पुढे पाहुणे माझ्यासमोर नुसते फोटो काढायचे. मग घरच्या मालकिणीच्या, आभाच्या बाळंतपणाला तिची आई, कुंदाताई, पुण्याहून आल्या. इथे कोळशाची शेगडी कुठून आणणार? त्यांनी मलाच शेगडी केलं. ओव्याची पुरचुंडी माझ्यापुढे गरम करून त्या लेकीला आणि बाळाला शेकायच्या. पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होते. फार बरं वाटायचं.

गार वारा येतो म्हणून त्यांनी जुन्या साडीचं फडकं त्या जाळीत कोंबलं. जावयाने, सुजीतने, ते पाहिलं.

"आई, ही जाळी ओपन ठेवायची असते. टेक्निशियनने सांगितलंय."

"बाळंतिणीला वारा लागला तर तुमचा टेक्निशियन येणारे का निस्तरायला, सुजीतराव?"

सासूशी कुठे वाद घालायचा, म्हणून तो हसून ऑफिसला गेला.

मग आभाचं डोकं जड राहू लागलं. जागरणाने असेल, असं सगळे म्हणाले. हवा पुरेनाशी झाली की माझ्या पोटातून विष निघतं, आणि त्यालाही ना धूर ना वास. मला ओरडता येत नाही हो.

एका दुपारी आभा आणि सुजीत बाळाला लस द्यायला घेऊन गेले. लेकरू परत येईल तेव्हा खोली उबदार हवी, म्हणून कुंदाताईंनी मला मोठं केलं, दाराच्या फटीला टॉवेल लावला आणि बाळाची दुपटी पुढ्यात पसरून बसल्या.

ते आले तेव्हा त्या उठल्या नाहीत. सुजीतने जाळीतलं फडकं ओढून काढलं.

"मी एकदा तरी जोरात बोलायला हवं होतं," एवढंच तो आभाला म्हणाला.

आता माझा गॅस तोडलाय, तोंडावर प्लायवूड ठोकलंय. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला जरूर पेटवा, फक्त ती जाळी मोकळी ठेवा. मला धूर असता तर कुंदाताईंना ठसका लागला असता, त्यांनी उठून खिडकी उघडली असती.

बाळ परत आलं तेव्हा दुपटी मात्र छान गरम होती.