हिज्कीयाची वाढीव वर्षं

बेकरीवाले बाबा मरणाच्या दारातून परत आले आणि चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे 'हिज्कीया' म्हणायला लागले. नाव पाळकसाहेबांनीच ठेवलं होतं. बायबलमधला हिज्कीया राजा असाच आजारी पडला होता. घरादाराची निरवानिरव कर, तू यातून उठणार नाहीस, असं देवाचा निरोप आणणाऱ्या संदेष्ट्याने त्याला सांगितलं होतं. राजाने भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली आणि देवाने त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. बाबांनीही इस्पितळात भिंतीकडेच तोंड केलं होतं. नाव अगदी फिट्ट बसलं.

भिंतीची गोष्ट खरी होती. त्यांची थोरली मुलगी तेव्हा खोलीतच होती. पोटाची पट्टी बदलताना जखम बघवायची नाही म्हणून बाबा तोंड वळवायचे आणि हुंदके देत म्हणायचे, "देवा, मी तुझ्यासाठी किती केलंय, जरा आठव!" आणि थोरली बाजूला बसून पू पुसत असायची. आई कधीच गेलेली, त्यामुळे घरी आणल्यावरही त्यांचं हागणंमुतणं तिनेच काढलं. तिचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी बरीच वाट बघितली, मग बघेनासे झाले.

देवाने कसं वाचवलं ते बाबा मंडळीपुढे उभं राहून सांगायचे, त्या साक्षीत यातलं काहीच नसायचं. साक्ष मात्र झकास व्हायची. आवाज कुठे खाली आणायचा, डोळे कुठे पुसायचे, सगळं त्यांना बरोबर जमायचं. "डॉक्टरांनी हात टेकले होते!" असं ते म्हणाले की बायका तोंडाला पदर लावायच्या.

एकदा घरी परतताना थोरली म्हणाली, "बाबा, डॉक्टरीणबाईंनी हात टेकले नव्हते. तुमच्या पोटात घातले होते. तेही दोनदा."

"अगं, साक्षीत देवाला मोठं करायचं असतं."

"मग त्यात तुम्हीच का मोठे दिसता?"

बाबा दिलखुलास हसले. त्यांना राग असा यायचाच नाही. म्हणून तर त्यांच्यावर धड चिडताही येत नसे.

राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावला होता, असंही त्या गोष्टीत आहे. लेप कुणी वाटला ते दिलेलं नाही.

बाबांच्या आजारपणात बेकरी धाकट्या मुलाने सांभाळली. आजोबांनी बांधलेल्या लाकडावरच्या दोन भट्ट्या होत्या आणि जाड कवचाचा, आतून मऊ असा एकच गोल पाव. त्याची कणिक फुगवणारं खमीर आजोबांच्या वेळेपासून रोज थोडं मागे ठेवत जपलेलं. त्या पावाची चव दुसऱ्या कुणाला साधत नसे. धाकटा पहाटे उठून कणिक मळायचा, कारागिरांशी थट्टामस्करी करायचा, दुपारी हातगाडी घेऊन स्वतः हॉटेलांत पाव पोचवायचा. नुकतंच त्याचं लग्न झालं होतं आणि बायकोला दिवस गेले होते.

बाबा पुन्हा हिंडूफिरू लागले तेव्हा एका बड्या पाव कंपनीची माणसं फुलं घेऊन आली. "तुमच्या आजारपणाचं ऐकलं. असा माणूस डोळ्यांनी बघावा म्हणून आलो," असं म्हणाली. बाबांची छाती फुगली. त्यांनी आधी साक्ष दिली, मग बेकरी दाखवली. भट्टीचं तोंड, मिठाचं प्रमाण, कणिक किती वेळ झाकायची, कुठल्या हॉटेलात किती पाव जातो, कुठल्या मिस्त्रीच्या हाताला चव आहे, काही म्हणजे काही सांगायचं ठेवलं नाही. निघताना प्रेमाने बरणीभर खमीरही बांधून दिलं.

थोरली बाजारातून आली तेव्हा टेबलावर फुलं होती.

"कोण आलं होतं?"

"लांबून आले होते गं बिचारे. खास मला भेटायला."

"काय काय दाखवलंत त्यांना?"

"सगळं! देवाने दिलेलं, त्यात लपवायचं काय?"



पुढच्याच वर्षी तसाच पाव कागदी पिशवीत, कंपनीचा शिक्का घेऊन, गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात आला. स्वस्तही होता. आधी हॉटेलांची गिऱ्हाइकी गेली, मग शाळेची, मग तो हाताला चव असलेला मिस्त्रीही कंपनीत गेला. जाताना तो धाकट्याच्या नजरेला नजर देईना. एक भट्टी विझवावी लागली. धाकट्याने वर्षभर हातपाय मारले आणि शेवटी त्याच कंपनीच्या लांबच्या कारखान्यात नोकरी धरली. पाव कापणाऱ्या यंत्रावर लक्ष ठेवायचं काम. कणकेला हातसुद्धा लावायचा नाही.

हे त्याने जेवताना सांगितलं. त्याची बायको ताटाकडे बघत होती, लेक तिच्या मांडीवर झोपली होती.

बाबा म्हणाले, "काम मिळालं ना? मग चेहरा पाडायचं कारण काय? माझं म्हणशील तर एक भट्टी मला पुष्कळ झाली. माझे दिवस त्यात आरामात जातील."

धाकटा ताटावरून उठला. आठवड्याच्या आत त्यांचं बिऱ्हाड हललं.

त्यानंतर पाळकसाहेबांनी विशेष सभा ठेवली. विषय होता, 'हिज्कीया राजाच्या जीवनातून ख्रिस्ती माणसाने घ्यायचे धडे'. साक्ष अर्थातच बाबांची. शास्त्रवाचन थोरलीने करायचं होतं, कारण तिचा आवाज स्वच्छ होता. "राजाला खूण पटावी म्हणून देवाने सावली दहा पायऱ्या मागे नेली, तिथपर्यंत वाचा. पुढे नको, लांबण लागते," असं पाळकसाहेबांनी बजावलं.

घरी सराव करताना तिचे डोळे पुढे गेले. लहानपणापासून ही गोष्ट ऐकली होती, पण सावलीच्या पुढे तिला कुणी नेलंच नव्हतं. पुढे बाबेल या परक्या राज्याची माणसं भेटी घेऊन राजाच्या समाचाराला येतात. राजा त्यांना सगळं भांडार उघडून दाखवतो. संदेष्टा येऊन विचारतो की त्यांनी काय काय पाहिलं. मग सांगतो, हे सगळं एक दिवस बाबेलला जाईल आणि तुझ्या वंशातली मुलं तिथल्या राजवाड्यात चाकरी करतील. आणि राजा म्हणतो, ठीक आहे. माझ्या हयातीत तर शांतता राहील ना?

थोरलीने वाचनाची खूण सावलीवरून उचलून तिथे ठेवली.

सभेत ती सावलीपाशी थांबली नाही.

"बस, ताई," पाळकसाहेब हळूच म्हणाले. ती वाचत राहिली. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. पाळकसाहेबांनी खाकरून बघितलं. तिने राजाचं उत्तर सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं आणि पुस्तक मिटलं.  तिने बाबांकडे बघितलं. ते पहिल्या बाकावर मान डोलावत होते.

पाळकसाहेब चटकन उठले. "पाहिलंत? कटू वचनसुद्धा राजाने किती नम्रपणे स्वीकारलं! आपल्यासाठी हाही एक धडाच आहे."

"आमेन," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. मग सगळेच म्हणाले.

घरी आल्यावर तिने विचारलं, "मी आज काय वाचलं, कळलं का तुम्हाला?"

"कळलं की! फार छान वाचलंस. आवाज अगदी तुझ्या आईवर गेलाय."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. टोमणा नव्हता, सोंगही नव्हतं. त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटायचं की बाबांना आतून सगळं ठाऊक आहे, फक्त कबूल करवत नाही. तेवढ्या आशेवर ती घरात टिकली होती.

तिने धाकट्याला फोन लावून सगळं सांगितलं. यंत्राच्या खडखडाटात तो ओरडून म्हणाला, "मग त्या राजाच्या पोरांचं काय झालं?"

"नेलं त्यांना बाबेलला. आणि जो मुलगा वाढीव वर्षांत जन्मला, त्याने गादीवर बसून राज्याचं वाटोळं केलं."

"आणि राजाचं?"

"त्याला मोठ्या मानाने पुरलं."

धाकटा हसला. 

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. कुठे दुखलं नाही, खुपलं नाही. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दफनाला अख्खी मंडळी लोटली. धाकट्याला वेळेवर रजा मिळाली नाही, तो दुसऱ्या दिवशी आला. बहीणभाऊ ओल्या मातीपाशी उभे राहिले.

"तुला रडू येतंय?" त्याने विचारलं. त्याचे डोळे कोरडे होते.

थोरलीला रडू येत होतं. आणि येत होतं याचाच तिला संताप येत होता.