ओल्या वळणाचे गुण

ओल्या वळणावर मागची चाकं सुटली आणि क्षणभर गाडी त्याची राहिली नाही. त्याने स्टिअरिंग उलटं फिरवलं, श्वास रोखला. गाडी कशीबशी सरळ झाली. सुटण्याआधी टायर गुणगुणला होता. ते गुणगुणणं त्याच्या ओळखीचं होतं.

टायरच्या कारखान्यातला तो जुना चाचणी-ड्रायव्हर. ब्रेक तळव्याला कळावा म्हणून उजव्या पायातला बूट काढून गाडी चालवायचा. आज जुन्या टायरची त्याच्या जागी येणाऱ्या नव्याशी तुलना होती. दोन्हींवरची नावं काळ्या चिकटपट्टीने झाकलेली. कोणता कुठला हे ड्रायव्हरला कळू द्यायचं नाही, असा नियम. वळणावरची पकड यंत्राने मोजत नसत, तिथे त्याचाच शब्द चाले. हरेल तो टायर बंद.

जुना टायर याच ट्रॅकवर त्यानेच पास केलेला. पकड सोडण्याआधी बोलतो, इतका इमानी टायर दुसरा नाही, हे त्याने घरी इतक्यांदा ऐकवलं होतं की बायको म्हणायची, मग त्याच्याशीच लग्न करायचं होतं. नवा टायर बनवला होता त्याच्या भाचीने. ती इथेच इंजिनीअर होती.

फिटरने दुसरा सेट चढवला. त्याच वेगाने तो वळणात शिरला. आता सुटेल, आता सुटेल म्हणून खांदे आखडले. टायर सुटला नाही. आवाजही जवळजवळ नाही. म्हणजे हा नवा. आणि हाच चांगला.

भाचीने गुण विचारले. तिच्याकडे न बघता त्याने सांगितलं, पहिल्याला नऊ, दुसऱ्याला पाच.

तिने वाकून पहिल्या सेटची पट्टी ओढली. खाली नव्याचं नाव होतं.

"पास झाला, मामा." ती डोळे पुसत हसली. "तुमचं ते गुणगुणणं मुद्दाम घातलं त्यात. जुन्याचं नीट ऐकलं, तर अगदीच बारीक हो. तुम्हीच सांगून सांगून मोठं केलंय."

फिटरही हसला. आता हा टायर लोकांच्या गाड्यांना लागणार होता. ओले रस्ते असणार, मागच्या सीटवर कुणाची तरी पोरं झोपलेली असणार.

तो बूट घालायला बसला होता. घातलाच नाही.

"पोरी, गुण उलटे कर."

"म्हणजे?"

"पहिला मागून सुटला. मला कळलं होतं. मला वाटलं, तो आपला जुना आहे."

ओढलेली पट्टी तिच्या बोटांना चिकटून राहिली होती. पुन्हा चाचणी घ्यायची का, असं फिटरने हळूच विचारलं.

"घ्यायची," ती म्हणाली. "पण ड्रायव्हर दुसरा बोलवा."

त्याने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि बूट हातात घेऊन तो ट्रॅकच्या कडेने निघाला. मागे ओल्या सिमेंटवर एक ठसा बुटाचा, एक उघड्या पायाचा, असे उमटत गेले.