दोन तिरप्या रेघा

मित्रांनो, मला दोन तोंडे आहेत, पण म्हणून मला दुतोंडी म्हणू नका. मी एक जुने लाकडी पिंप आहे. आम्ही पिंपे आडवी निजतो. पुढचे गोल झाकण हे आमचे एक तोंड आणि मागचे गोल झाकण हे दुसरे. वरच्या अंगाला एक भोक असते, त्यात लाकडी बूच. माझ्या पुढच्या तोंडात एक बारीक खिळाही आहे. त्याचे काम पुढे सांगेन.

मला एका म्हाताऱ्याने बांधले. फळ्या विस्तवावर धरून, पाणी मारत मारत त्याने वाकवल्या आणि बाहेरून लोखंडी कड्या ठोकून बसवल्या. फळ्या जोडायला त्याने डिंक वापरला नाही. मी फक्त ओलाव्यावर उभे राहावे, अशी त्याची रीत होती. मला न्यायला एक तरणा माणूस आला तेव्हा म्हातारा त्याला म्हणाला, "याला कधी तहानलेलं ठेवू नकोस. कोरडं पडलं की रुसतं, आणि रुसलं की आंबतं."

तो तरणा माणूस म्हणजे दादा. त्याचा बिअर बनवण्याचा छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर राहत्या घराला लागून दोन खोल्या. एकीत तांब्याची कढई, दुसरीत मी. दादाने लग्न केले नव्हते. लोक म्हणायचे, त्याचे लग्न पिंपाशीच लागले आहे. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली त्याची धाकटी बहीण त्याच घरात राहायची. दादा तिला छोटी म्हणायचा. ती चाळिशीला आली तरी छोटीच राहिली.

हे मोठ्यांचे पेय, मित्रांनो, तुम्ही त्याच्या वाट्याला जाऊ नका. पण ते करायला किती धीर लागतो, ते ऐका. थंडी संपता संपता दोघे मिळून एक काळी, जाड, कडक बिअर शिजवायची. ती माझ्या पोटात भरायची. मग उन्हाळा जायचा, पाऊस जायचा, आणि पुन्हा थंडी पडू लागली की ती बाटल्यांत भरायची. त्या दहा महिन्यांत माझे काम एकच, गप्प पडून राहणे. तिचा तिखटपणा मी हळूहळू शोषून घ्यायचे आणि लाकडाची थोडी गोडी तिला द्यायचे. लोक तिला 'हिवाळी' म्हणत. वर्षातून एकदाच मिळायची, म्हणून वर्षभर तिची आठवण काढत.

आता खिळ्याचे सांगते. तो उपसला की सुतासारखी धार यायची. दादा दोन पेले भरायचा आणि खिळा परत ठोकायचा. चव अशीच बघायची. पण पहिल्याच वर्षी दादाच्या एक गोष्ट लक्षात आली.

"छोटे, तू पेल्याकडे बघतच नाहीस. माझ्या तोंडाकडे बघून चव सांगतेस."

"मग काय झालं? तुझं तोंड खोटं बोलत नाही."

"माझी जीभ चुकली तर तुझीही चुकेल ना. मग दोन जिभा कशाला पाळायच्या?"

तेव्हापासून त्यांनी रीत घालून घेतली. दादा माझ्या पुढच्या तोंडापाशी उभा राहायचा, छोटी मागच्या. मध्ये मी. दोघांच्या हातात पेला आणि खडू. एकमेकांचा चेहरा दिसायचा नाही. चव घ्यायची आणि काही न बोलता आपापल्या झाकणावर खूण करायची. एक रेघ म्हणजे अजून थांबू. दोन सरळ रेघा म्हणजे तयार झाली, बाटल्या भरा. आणि फुली म्हणजे बिघडली, ओतून टाका. खुणा झाल्या की दोघांनी जागा बदलून एकमेकांच्या बघायच्या.

गावातल्या हॉटेलाचा मालक एकदा ऐन वेळी आत आला. हिवाळीचे पहिले खोके दरवर्षी त्याच्याकडे जायचे. दोघांना दोन टोकांना उभे बघून तो म्हणाला, "बहीणभावांचं बिनसलंय वाटतं?"

"बिनसू नये म्हणूनच उभे आहोत," दादा म्हणाला.

एकोणीस वर्षे ही रीत चालली. खुणा बहुतेक सारख्याच निघायच्या. फक्त सातव्या वर्षी दादाने दोन रेघा ओढल्या आणि छोटीने फुली. दादा म्हणाला, आठ दिवस थांबून बघू. आठ दिवसांनी ती बिअर अशी काही उतरली की हॉटेलवाल्याने एक बाटली स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. तेव्हापासून दादा छोटीला गमतीने 'फुलीबाई' म्हणू लागला. हॉटेलवालाही म्हणू लागला. "काय फुलीबाई, यंदा काय ओतून टाकताय?" छोटी हसायची. पण मी तिच्या खडूचा दाब ओळखत होते. त्या वर्षानंतर तिचा खडू हलका झाला. दादाच्या बाजूचा आवाज आल्याशिवाय तो आता हलायचा नाही.

विसाव्या वर्षी बाटल्या भरून मी रिकामे झाले, आणि त्याच आठवड्यात दादा तापाने पडला. एरवी मी रिकामे झाले की दादा मला उकळत्या पाण्याने धुऊन, पुन्हा पाण्याने भरून ठेवायचा. या वेळी तो अंथरुणातून उठला नाही. छोटी त्याच्या उशाशी बसली. चार आठवडे ती माझ्या खोलीत फिरकली नाही. मी तिला दोष देत नाही. तिचा भाऊ तापात बडबडत होता, तिने पिंपाकडे कशाला बघावे? पण माझ्या फळ्या सुकल्या. एक कडी सैल झाली. आत कुठेतरी आंबूस वास धरला. तो वास मलाच कळत होता आणि मला सांगता येत नव्हते.

दादा बरा झाला. बारीक झाला होता, पण हसत खोलीत आला. माझी कडी ठोकली, मला धुतले. भरण्याआधीची त्याची एक पद्धत होती. बूच काढायचे, भोकाला नाक लावायचे आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा. त्याने नाक लावले. मी वाट बघत होते. मला वाटले, आता तोंड वाकडे करेल आणि म्हणेल, याला आणखी तीनदा धुवायला हवे.

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग त्याने पुन्हा श्वास घेतला, जोरात. मग तिसऱ्यांदा.

"काय रे, कसं आहे?" दारातून छोटीने विचारले.

"स्वच्छ आहे," दादा म्हणाला.

तेव्हा मला कळले. तापाने त्याचे नाक नेले होते.

उन्हाळ्याच्या शेवटी एकदा चव बघितली. त्या वेळी दरवर्षी एकच रेघ असायची, ती दोघांनी ओढली. छोटीला जिभेच्या कडेला काहीतरी टोचले होते, पण कच्ची बिअर कधी कधी टोचते, असे तिने मनाला समजावले असावे.

मग थंडी पडली. खिळा निघाला, दोन पेले भरले. दादा पुढे, छोटी मागे.

छोटीने घोट घेतला आणि ती थांबली. दुसरा घोट तिने घेतलाच नाही. तिच्या खडूने माझ्या मागच्या तोंडावर एक तिरपी रेघ ओढली, वरच्या उजव्या कडेपासून खालच्या डाव्या कडेपर्यंत. ती फुलीची पहिली रेघ होती. दुसरी ओढण्याआधी तिचा हात थबकला.

पुढे दादा खडू धरून नुसता उभा होता. त्याला त्या घोटात गारवा आणि फेस यांपलीकडे काही लागले नव्हते. तो कान देऊन होता. मागून एका रेघेचा आवाज आला. त्याला वाटले, दुसरी येतेच आहे. दरवर्षी या आठवड्यात दोनच असतात. आपण मागे राहिलो तर तिला संशय येईल, म्हणून त्याने घाईने दोन सरळ रेघा ओढल्या.

छोटीने त्या दोन ऐकल्या. चौदा वर्षांपूर्वीची फुली तिला आठवली असेल. 'फुलीबाई' आठवले असेल. तिच्या हातातला खडू माझ्या झाकणावर टेकलेला होता. मित्रांनो, मला जर तोंडाने बोलता आले असते, तर त्या एका क्षणासाठी मी उरलेले सगळे आयुष्य दिले असते. तिने दुसरी रेघ पहिलीला लागून ओढली. तिरपीच, पण छेद न देता.

दोघांनी जागा बदलल्या. "दोन," दादा म्हणाला. "दोन," छोटी म्हणाली. दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला.

आठवड्याभरात खोकी परत येऊ लागली. हॉटेलवाला स्वतः आला. या वेळी त्याने फुलीबाई म्हटले नाही.

"दादा, रागावू नका. माणसं विचारतात, हे व्हिनेगर आहे का, यात काकडी बुडवून ठेवायची का?"

दादाने त्याच्यासमोर एक बाटली फोडली आणि पेला एका दमात रिकामा केला. "मला तर बरी लागतेय," तो म्हणाला. हॉटेलवाला बघतच राहिला. छोटीही बघत होती.

तो गेल्यावर ती दोन पेले भरून घेऊन आली. "दादा, एक मागच्या वर्षीची आहे, एक यंदाची. सांग कुठली कुठली."

दादाने दोन्ही पेले नाकाशी नेले. दोन्ही चाखले. बराच वेळ घेतला. "डावी मागच्या वर्षीची. मुरलीय छान."

"दोन्ही एकाच बाटलीतल्या आहेत," छोटी म्हणाली.

तिने दोन्ही पेले त्याच्या हातातून काढून घेतले.

"कधीपासून?"

"तापापासून. डॉक्टर म्हणाला, येतं परत कधी कधी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"म्हटलं, तू आहेस ना मागच्या तोंडाला. तुझी जीभ आहे तोवर मला कसली काळजी? तुझा खडू ऐकला आणि मी ओढल्या."

छोटीने त्याचा हात धरून त्याला मागे आणले. "नीट बघ. या सरळ आहेत का? ही फुली होती, दादा. अर्धी झाली होती."

"मग पुरी का नाही केलीस?"

"तुझ्या दोन ऐकल्या ना."

दादाने त्या रेघांवर बोट ठेवले आणि काढून घेतले. दुसऱ्या दिवशी दोघांनी सगळ्या बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्यांच्यात 'जेवायला बस' याशिवाय दुसरे बोलणे झाले नाही.

भांडण झाले असते तर बरे होते. पण ती दोघे भांडली नाहीत. दोघेही एकमेकांशी जपून वागू लागली, पाहुण्यांशी वागतात तशी. दादाने कढई विकली. मला लोळवत अंगणात आणले आणि भिंतीशी, वळचणीखाली ठेवले. छोटी एका बेकरीत कामाला लागली. दादा दिवसभर माझ्याजवळच्या पायरीवर बसायचा.

एका दुपारी छोटी कामावरून परतली. तिच्या कपड्यांना पीठ लागले होते. दादाने मान वर केली आणि अगदी सहज विचारले, "छोटे, आज तुझ्या कपड्यांना कसला वास येतोय गं?"

तो वास मला येत होता. भाजलेल्या पावाचा, लोण्याचा, थोडा जळक्या साखरेचा. तिने एवढेच सांगायचे होते. पण तिच्या पोटात अजून राग होता, की दुःख होते, मला सांगता येणार नाही.

"कसलाच नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

दादाने मान हलवली. त्याने पुन्हा कधी विचारले नाही. पुढच्या थंडीत तो गेला.

त्याला जाऊन बारा दिवस झाल्यावर छोटी अंगणात आली. हातात खडूचा तुकडा होता. मी आता पुरते सुकले आहे, दोन कड्या निखळून मातीत पडल्या आहेत, फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो. पण वळचणीमुळे झाकणांवरच्या रेघा अजून पुसलेल्या नाहीत. ती मागे गेली, वाकली, आणि आपल्या पहिल्या तिरप्या रेघेला छेद देऊन दुसरी रेघ ओढली. फुली पुरी झाली. मग पुढे येऊन तिने दादाच्या दोन सरळ रेघांवर तळहात ठेवला. पुसल्या नाहीत.

ती पायरीवर बसली, दादा बसायचा तिथेच. थोड्या वेळाने उठून तिने माझे बूच काढले आणि भोकाला नाक लावले.

"दादा," ती म्हणाली, "मनुकांसारखा वास येतोय. आणि जळक्या लाकडाचा. थोडा आंबूस आहे, पण फार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि त्या दिवशी माझ्या कपड्यांना पावाचा येत होता."

मित्रांनो, मला कोणी आता पाण्याने भरले तरी मी धरून ठेवू शकणार नाही. माझ्यासाठी काही मागायचे उरलेले नाही. पण तुमच्या घरात एखादे लाकडी भांडे असेल, तर त्याला कोरडे पडू देऊ नका. तुमच्या जिभेला आंबट लागले, तर समोर कितीही मोठा माणूस असला तरी आंबट म्हणा, आणि कोणी खरे बोलून एकदा चुकले, तर त्याला त्यावरून चिडवत राहू नका. आणि घरातल्या कोणी विचारले, आज कसला वास येतोय, तर हातातले काम ठेवा आणि नीट सांगा. सगळा सांगा.