बारक्या कोणाच्या?

भद्रावतीकडच्या त्या गावात रंभाच्या सोयाबीनला दोन-दोन पानं फुटली आणि तिसऱ्या सकाळी नुसते दांडे उरले. बांधाला मुठीएवढ्या गोगलगायी चिकटून बसल्या होत्या. एवढाल्या गोगलगायी तिने उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या.

बांधापलीकडे पूर्वी बोडी होती, गावचं लहानसं तळं. आता ती मुरूम टाकून बुजवली होती, प्लॉट पडले होते आणि बत्तीस घरं उभी राहिली होती. कोणी म्हणे, गोगलगायी मुरमातून आल्या. कोणी म्हणे, नव्या घरांपुढच्या शोभेच्या कुंड्यांतून.

कृषी सहायक प्रफुल येऊन बघून गेला. जाताना म्हणाला, "हाताले पिशवी बांधून वेचा, बाई, आन् मिठाच्या पाण्यात टाका. एकही ठेवू नका."

रंभा वेचायला लागली. मोठ्यांसोबत नखाएवढ्या बारक्याही हाती येऊ लागल्या, तसा तिचा हात अडखळला. पाचोळ्याखाली अशा बारक्या ती लहानपणापासून बघत आली होती. त्यांनी कधी कोणाचं पीक खाल्लं नव्हतं.

तिने प्रफुलला फोन लावला. "भाऊ, बारक्याबी मारू का?"

"गोगलगाय ते गोगलगाय, बाई!"

चंद्रपूरला कॉलेजात शिकणारी तिची भाची दिव्यानी तेव्हा तिच्याकडे आली होती. फोनवरचं बोलणं ऐकून ती धावतच बांधावर आली. "मावशी, थांब! आपल्या बारक्या सडका पाला खातेत, त्याची माती करतेत. बोडी गेली, पाखरं गेली, आता ह्याबी मारतं का?"

"मंग ह्या आपल्याच न?"

दिव्यानीने पिशवी गुंडाळल्या हाताने एक उचलली, उलटीपालटी केली, मोबाइलमधले फोटो चाळले. मग ती परत खाली ठेवली. "मोठीचं पिल्लूबी असंच दिसते. मले नाई सांगता येत."

शेवटी रंभाने अकरा बारक्या जुन्या घमेल्यात ठेवल्या. एका बाजूला सोयाबीनची पानं, दुसऱ्या बाजूला सडका सागाचा पाला, वरून लुगड्याचा फडका. दुसऱ्या दिवशी पाच सडक्या पाल्यावर होत्या, चार हिरव्यावर. उरलेल्या दोन फडक्याला लटकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी हिरव्यावरच्या दोघी सडक्यावर गेल्या आणि सडक्यावरची एक हिरव्यावर आली.

"आता वं?" रंभाने विचारलं.

दिव्यानीने फडका परत घमेल्यावर टाकला. संध्याकाळच्या बसने ती चंद्रपूरला गेली.

रंभाने मोठ्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकल्या. घमेलं घेऊन ती वावरापासून लांब, नाल्याकाठच्या मोहाच्या झाडाखाली गेली आणि पाचोळ्यात ते पालथं केलं. परतताना वाटेत ती दोनदा थांबली. परत वेचून आणाव्यात काय? पण पाचोळा निपचित होता, एकही दिसेना.

सोमवारी प्रफुल आला. रंभा दुबार पेरणी करत होती.

"साऱ्या मारल्या न, बाई?"

"मोठ्या साऱ्या," ती म्हणाली. आपण खोटं बोललो की खरं, हे तिचं तिलाच उमजलं नाही.